अनुभव धागा : दप्तरातला खर्रा, घरातला पव्वा आणि आपली शाळा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. म्हणून ३१ मेचा तंबाखूविरोधी दिन कुलूपबंद शाळेत जातो आणि २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन शाळा उघडण्याच्या धांदलीत. फोटो मात्र दोन्हींचे निघतात. तेव्हा दिन-सप्ताह बाजूला ठेवून लिहा. सहावी ते बारावीच्या पोरापोरींच्या बाबतीत तुमच्या गावात प्रत्यक्ष काय घडलं, कशानं फरक पडला, कशानं नाही? शाळेचं आणि मुलांचं नाव नको. बोलीत लिहिलं तर उत्तमच.

शिक्षिका, जि. प. उच्च प्राथमिक शाळा, गडचिरोली जिल्हा

आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. पण वर्गात आधी सापडतो तो खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घोटलेला. दप्तरं तपासून पाहिली. पोरं पुडी कंपाउंडच्या दगडाखाली ठेवायला लागली, एवढंच.

मग नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या : पहिल्यांदा कुठे खाल्ला? मला वाटलं होतं मित्रांची नावं येतील. आले बाप, आजी, काका. 'आणायला पाठवलं होतं, येताना चिमूटभर काढला.' असं बऱ्याच चिठ्ठ्यांत. ते शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखवलं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मीच पुन्हा लिहून. मागणी एकच ठेवली : खा, पण लेकराला ठेल्यावर पाठवू नका. ही मागणी लोकांना झेपली. 'तुम्हीच सोडा' म्हटलं असतं तर पुढच्या बैठकीला कोणी आलं नसतं.

दुसरं काम जास्त अवघड, ते स्टाफरूमचं. गेटवर 'तंबाखूमुक्त शाळा' लिहायचं आणि आत गुर्जींचा गाल फुगलेला, हे पोरांना दिसतंच. एका मुलीनं भर वर्गात विचारलं, 'सर, तोंडात काय आहे जी?' त्या प्रश्नानं जे झालं ते परिपत्रकानं झालं नव्हतं.

नाही कसं म्हणायचं याची नाटुकली करतो. एक म्हणतो, 'घे ना बे, एवढ्यानं काही होत नाही.' दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. 'मी निर्व्यसनी आहे' असं कोणीच म्हणत नाही, म्हटलं तर हशा पिकतो. पोरांची उत्तरं अशी : 'मले उलटी येते.' 'उद्या मॅच आहे.' 'माय वास घेते बाप्पा.' हीच खरी उपयोगाची. शूर उत्तर एकदा देता येतं, बहाणा रोज देता येतो.

दंतवैद्य, चंद्रपूर जिल्हा

पालकांनी घरीच बघावं : मुलाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी जातात का? जात नसतील, तिखट लागल्यावर आग होत असेल, गाल आतून पांढुरके-कडक लागत असतील, तर लगेच दाखवा. अर्धं तोंड उघडणारी शाळकरी मुलं माझ्याकडे येतात. हा आजार मुख्यतः सुपारीचा, त्यामुळे 'तंबाखू नाही, फक्त गोड सुपारी खातो' यात काही सुटका नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. आकसलेला गाल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, पण लवकर थांबलं तर पुढचं वाचतं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्यांना तोंड उघडून बघायला आवर्जून सांगा.

आई, शेतमजूर, यवतमाळ जिल्हा (लेकीनं लिहून दिलं)

पोरगा नववीत. त्याचा बाप त्यालेच पव्वा आणाले धाडे. दुकानवालाही देऊन टाके, पोट्टं कोणाचं हे त्याले मालूम. एक दिवस वास पोराच्याच तोंडाले आला. मी शाळेत सांगितलं नाही, नाव काटतीन म्हून. बाईंनाच दिसलं असन. त्या घरी आल्या, शिष्यवृत्तीचा कागद घेऊन. दारूचं एक अक्षर काढलं नाही. जाताना म्हणल्या, संध्याकाळी कबड्डीले पाठवत जा. आता दिवा लागेपर्यंत ग्राउंडवर रायते. बाप येते, धिंगाणा करते, झोपते, मग पोरगा घरी येते. दारू सुटली का बापाची? नाही. पण आणाले कोण जाईन तं पोरगा घरी नसते.

पानठेलावाला, वर्धा जिल्हा

सगळे आमच्यावरच घसरतात म्हणून लिहितो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, अठराच्या आतल्याला द्यायची नाही, हा २००३ चा कायदा. दंड दोनशे रुपयांपर्यंत, तो कोणी मनावर घेत नाही. पण ठाणेदारांनी एकदा दुसरं कलम सांगितलं : बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७. लेकराला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. ते ऐकून मी सरकलो. 'बाबांनी मांगितला' म्हटलं तरी देत नाही. बाबालेच येऊ दे. धंदा थोडा बसला. आमचा जिल्हा म्हणाल तर कागदावर दारूबंदीचा, कोरडाच आहे, त्यावर मी काही बोलत नाही.

बारावीतली मुलगी, गोंदिया जिल्हा

सगळं पोरांबद्दलच का लिहिता? आमच्याकडे पोरी गुडाखूनं, म्हणजे तंबाखू-गुळाच्या पेस्टनं, दात घासतात. घरच्या बायांचं बघून. तंबाखू म्हणून कोणी मोजतच नाही. एखाद्या दिवशी घासलं नाही तर डोकं दुखतं, मग पुन्हा घासतात. व्याख्यानाला येणाऱ्या कोण्या साहेबानं गुडाखूचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

समुपदेशक, अमरावती जिल्हा

व्याख्यानावरूनच. सडलेल्या फुफ्फुसाची चित्रं, 'मी दारूतून कसा सुटलो' असं सांगणारा पाहुणा, हे सगळ्यांना आवडतं. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाची आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रतिबंधाची मानकं (सुधारित आवृत्ती २०१८) मात्र सांगतात की नुसतं भय दाखवणं, नुसती माहिती देणं आणि माजी व्यसनींची भाषणं यांचा उपयोग होत नाही, कधी उलटच होतं. उपयोग होतो तो सरावाचा. वर गडचिरोलीच्या बाई करतात तसल्या नाटुकल्यांचा.

मुख्याध्यापक, भंडारा जिल्हा

स्नेहसंमेलनाच्या रात्री नववीतला एक मुलगा मोहाची पिऊन पडला. समितीचं म्हणणं, टीसी द्या. मी दिला नाही. दाखला दिला की पोरगा शाळेतून जातो आणि व्यसन त्याच्याबरोबर जातं. त्या रात्री त्याला कुशीवर निजवलं, एकटं सोडलं नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं, वडिलांना मुद्दाम नाही. ते आधी मारतात, मग विचारतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक दिला. फोन माझ्याच खोलीतून लावला, मी बाहेर उभा राहिलो. वर्गात या गोष्टीचा उल्लेख करायचा नाही असं शिक्षकांना बजावलं, तरी एकानं केलाच.

मोहफुलं वेचायच्या दिवसांत तो अजूनही दांड्या मारतो. त्या दांड्या घरच्या पोटासाठी असतात, त्यावर मी ओरडत नाही. दहावीचा फॉर्म भरला आहे. गणिताची खात्री नाही.