न्यूज रीडर ॲपमधल्या कुठल्या सोयीने तुमचं वाचन बदललं? (अनुभव आणि टिप्स)

पानगळ
काल रात्री माझं न्यूज रीडर ॲप अपडेट झालं. सकाळी उघडलं तर बातमीतल्या ओळीवर बोट दाबून धरलं की एक नवीन पर्याय येतो, 'टीप जोडा'. ओळ पिवळी होते, खाली आपल्याला चार शब्द लिहिता येतात आणि कोपऱ्यात तारीख आपोआप पडते. ती तारीख बघितली आणि एकदम बाबांची कात्रणांची वही आठवली.

रात्री सगळं आवरलं की बाबा कात्री, खळ आणि आमच्या जुन्या वह्या घेऊन बसायचे. पाठकोऱ्या पानांवर कात्रण चिकटवायचं, कोपऱ्यात लाल पेनाने तारीख आणि खाली एखादं वाक्य. एका नव्या पुलाच्या बातमीखाली लिहिलं होतं, "बघू, होतो का." त्याच्याच खाली चार वर्षांनी निळ्या शाईत, "झाला."

मी फीडवर, म्हणजे निवडलेल्या साइटचं नवीन सगळं एका जागी, वाचते त्याला आता बरीच वर्षं झाली, गुगल रीडर होतं तेव्हापासून. ते १ जुलै २०१३ ला बंद झालं, मग तीन ॲपं बदलली. एवढ्या काळात किती बातम्यांना स्टार दिला असेल, पण एकीखालीही काही लिहिलं नाही. स्टार का दिला होता तेच आता आठवत नाही. आज पहिली टीप लिहिली. बराच वेळ मग काही दुसरं वाचवेना.

तुमच्या ॲपमधलं असं काही आहे का जे सापडल्यावर वाचायची पद्धतच बदलली? छोटी टिप असली तरी सांगा.

सुईदोरा
"झाला." वाचून काटा आला अंगावर.

माझं म्हणजे ऐकणं. हात सतत कामात असतात, वाचायला बसायला मिळतच नाही, त्यात ते हेडफोनचं चिन्ह दिसलं एक दिवस आणि दाबलं. पण आवाज हिंदी लागला होता, मराठीच वाचत होता पण 'जवळ' मधला ज आणि 'चमचा' मधले दोन्ही च हिंदीसारखे, आणि ळ आला की काहीतरी वेगळंच. महिनाभर तसंच ऐकलं. मग भाचीने सांगितलं की ॲपमध्ये नाही, फोनच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच म्हणून आहे तिथे जाऊन मराठी आवाज डाउनलोड करायचा, एकदाच वायफायवर. आता छान वाचतं. वेग पण मी थोडा वाढवलाय. आलेच, मशीन थांबलं

नऊते_पाच
ज्यांचं ॲप "बातम्या जुन्याच दिसतात" असं करतं त्यांनी बॅटरीचं सेटिंग बघा. फोन बॅटरी वाचवायला ॲपला मागे झोपवून टाकतो, मग सिंक होत नाही, म्हणजे नवीन बातम्या उतरत नाहीत. सेटिंग, ॲप्स, तुमचं रीडर, बॅटरी, तिथे निर्बंध काढून टाका. मी या एका गोष्टीपायी दोन चांगली ॲपं काढून टाकली होती.

खारूताई
हे नक्की कुठलं ॲप? माझ्या फोनमध्ये बातम्यांचं एक आहे आधीपासून आलेलं, ते म्हणताय का तुम्ही

टिंब
@खारूताई ते वेगळं बहुतेक. फोनमध्ये आधीपासून असतं ते तुम्ही काय उघडता त्यावरून अंदाज बांधून बातम्या दाखवतं. आम्ही बोलतोय ते फीड रीडर. तुम्ही स्वतः साइट निवडायच्या, त्या साइटने काही नवीन टाकलं की ते तुमच्याकडे येतं, लागलेल्या क्रमाने, आणि यादी संपते. संपते हे फार महत्त्वाचं. याच्या मागे जे तंत्र आहे आरएसएस, ते १९९९ पासून आहे आणि अजून बहुतेक बातम्यांच्या साइटना, ब्लॉगना ते असतंच, फक्त दाखवत नाहीत. वर्डप्रेसवरची साइट असेल तर पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन इंग्रजीत फीड असं टाइप करा, बऱ्याचदा मिळून जातं. रीडरमध्ये साइटचा नुसता पत्ता टाकला तरी बरीच ॲपं फीड स्वतः शोधतात. यूट्यूब चॅनलचंही फीड असतं. पॉडकास्ट पण याच वाटेने येतात.

खारूताई
संपते?? मग मला हवंय. रात्री अंगठा थांबतच नाही

रातराणी
शब्द म्यूट करणे. ज्या विषयाने डोकं उठतं तो शब्द टाकायचा, त्याच्या बातम्या दिसतच नाहीत. पण मराठीत नीट चालत नाही असा माझा अनुभव, निवडणूक टाकलं तरी निम्म्या बातम्या येतातच

टिंब
@रातराणी चालतं, पण मराठीचं सामान्यरूप आड येतं. ॲप अक्षरं जुळवून बघतं, अर्थ त्याला कळत नाही. 'निवडणूक' मध्ये णू दीर्घ आहे, 'निवडणुकीत', 'निवडणुका' मध्ये ऱ्हस्व. मग जुळणार कसं? पूर्ण शब्द न देता 'निवडण' एवढंच द्या, दोन्ही सापडतात. पाऊस असेल तर 'पाऊस' आणि 'पावस' वेगवेगळे द्यावे लागतात. क्रिकेट, बजेट असले शब्द सोपे, त्यांना नुसता प्रत्यय मागून लागतो, आतलं काही बदलत नाही.

अजून एक आहे, हे मला फार उशिरा कळलं. 'ॲप' मधला ॲ दोन तऱ्हेने टाइप होतो. एकात ते एकच अक्षर असतं, दुसऱ्यात अ ला वरून चंद्र जोडलेला असतो. डोळ्याला सारखंच दिसतं, ॲपला दोन वेगळे शब्द वाटतात. साठवलेल्या बातम्यांत शोधताना काही सापडलं नाही तर ॲ सोडून पुढचा तुकडा टाकून बघा.

रातराणी
टिंबदादा कमाल आहे, आत्ता केलं. चौदा बातम्या गायब झाल्या एका झटक्यात, एकदम शांत वाटलं

उंबरठा
माझा अनुभव जरा वेगळा आहे. आईच्या आजारपणात मी जवळजवळ तीन आठवडे तिच्या उशाशी बसून होतो. फोन हातात, आणि दर थोड्या वेळाने ब्रेकिंग, ब्रेकिंग. तिची झोप आधीच नाजूक, स्क्रीन उजळली तरी डोळे उघडायची. एका रात्री सगळी नोटिफिकेशन बंद केली आणि सकाळी एकदाच बातम्या येतील असं लावलं. माझ्या रीडरमध्ये 'दिवसाचा गठ्ठा' अशी सोय आहे, सकाळी सातला सगळं एकत्र. आणि खरं सांगतो, काही म्हणजे काही चुकलं नाही माझं. मोठी बातमी सातला पण मोठीच होती, बाकीच्या तोवर विरून गेलेल्या असायच्या. मग मी ती आईला वाचून दाखवायला लागलो, तिला हवामान आणि अंतराळाचं आवडायचं. तिने सांगितलेल्या दोन साइट मी तेव्हा जोडल्या, अजून आहेत यादीत, काढल्या नाहीत.

सगळं बंद नको असेल त्यांच्यासाठी, ॲन्ड्रॉइड ८ पासून एकाच ॲपची नोटिफिकेशन प्रकाराप्रमाणे वेगळी चालू-बंद करता येतात. नोटिफिकेशन आलं की त्यावर दाबून धरा, तिथेच दिसतं.

सुईदोरा
@उंबरठा आई आता कशा आहेत?

उंबरठा
गेली ती, दीड वर्ष झालं. ठीक आहे ताई, विचारलंत बरं वाटलं.

सुईदोरा
🙏 त्या दोन साइट राहू देत तशाच.

गोधडी
पानगळ, एक कळकळीची सूचना. टीप लिहिताय ते छान, पण ती टीप कुठे राहते ते बघून ठेवा. 'नंतर वाचू' साठी मी जे वापरत होते ते पॉकेट ८ जुलै २०२५ ला बंद झालं. एक्सपोर्ट केलं होतं मी वेळेत, पण त्यात आल्या फक्त लिंका. लिंक म्हणजे पत्ता. घर तिथे आहे की नाही हे पत्त्यावरून कळत नाही. जुन्या लिंका उघडून बघितल्या तर कितीतरी ठिकाणी पान सापडत नाही, साइटच नवी झाली, काही पैसे भरून वाचायच्या झाल्या. बाबांचं कात्रण बाबांकडेच होतं, पेपरवाल्यांनी नंतर काहीही केलं तरी.

म्हणून आता जे खरंच जपायचंय त्याचं मी पीडीएफ करते. शेअर दाबायचं, प्रिंट, आणि प्रिंटरच्या जागी 'पीडीएफ म्हणून सेव्ह'. आधी रीडर मोडमध्ये (नुसता मजकूर दिसतो तो) उघडून घ्यायचं म्हणजे जाहिराती येत नाहीत. फाइलच्या नावात तारीख आधी घालायची, वर्ष-महिना-दिवस, आपोआप क्रमाने लागतात.

आणि फीडच्या यादीचं बॅकअप वेगळं घ्या. ओपीएमएल नावाची छोटीशी फाइल निघते, जवळपास कुठल्याही दुसऱ्या रीडरमध्ये चालते. फक्त त्यात साइटची यादीच असते, स्टार आणि टिपा नसतात, तिथे माझ्यासारखे बरेच जण फसतात.

पानगळ
गोधडीताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बघते आत्ताच टिपा बाहेर काढता येतात का.

दोन_मिनिटं
बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने टाइप करतेय. ऑफलाइन!! आमच्या आतल्या खोलीत रेंज नाही आणि बाळ तिथेच झोपतं. सिंक होताना 'पूर्ण मजकूर उतरवा' चालू ठेवा नाहीतर दोन ओळी दिसतात आणि पुढे वाचा म्हणतं. आणि काळा मोड, पूर्ण काळा, राखाडी नाही

नऊते_पाच
@दोन_मिनिटं ओलेड स्क्रीन असेल तर पूर्ण काळ्याने बॅटरी पण वाचते, काळ्या ठिकाणचे पिक्सेल बंदच असतात. एलसीडीला तो फायदा नाही.

सुईदोरा
@दोन_मिनिटं कितवा महिना?

दोन_मिनिटं
चौथा. रात्री तीनला जगातली सगळी खबर असते मला ☺️

सुईदोरा
माझ्या धाकट्याच्या वेळी ही ॲपं नव्हती, भिंतीवरचं कॅलेंडर पाठ झालं होतं माझं. मान जप हं, उशी घे हाताखाली.

आजोबा_ऑनलाइन
वय ७४. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. अनुभव असा की अक्षर मोठे केले म्हणजे काम भागत नाही, ओळींमधले अंतरही वाढवावे लागते. अंतर कमी असले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात आणि 'की' व 'कि' यांत फरक कळत नाही. इंग्रजीला पुरणारे अंतर आपल्या लिपीला पुरत नाही, कारण आपण वर आणि खाली दोन्हीकडे लिहितो. माझ्या ॲपमध्ये दीडपट अंतर ठेवल्यापासून चष्मा न बदलता तासभर वाचतो. काळ्यावर पांढरे मला चालत नाही, अक्षराभोवती वलय दिसते. फिकट पिवळसर पान ठेवले आहे.

एक तक्रार. काही ठिकाणी मजकूर चित्राच्या रूपात टाकतात. त्याचे अक्षर मोठे होत नाही, आवाजही ते वाचत नाही. माझे एक स्नेही पूर्णतः स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, अवलंबून आहेत, त्यांच्यासाठी ते पान कोरेच असते. बातमी टाकणाऱ्यांनी एवढे मनावर घ्यावे.

रातराणी
आजोबा ओळीतलं अंतर लगेच बदललं, आईच्या फोनवर पण बदलते आता. एवढी वर्षं तिला वाटतंय नंबर वाढला

खारूताई
घेतलं रीडर. साठ साइट टाकल्या उत्साहात. तीन दिवसांत ९०० न वाचलेल्या झाल्या, आता उघडायलाच भीती वाटते. काय करू

टिंब
@खारूताई सगळ्यांचं होतं. न वाचलेल्यांचा आकडा आधी सेटिंगमधून बंद करा. मग 'एका दिवसापेक्षा जुन्या वाचलेल्या समजा' असा पर्याय असतो, तो बिनधास्त दाबा. आणि ज्या साइटवर दिवसाला शंभर बातम्या येतात त्या काढून टाका, त्यांच्या एखाद्या विभागाचंच फीड असतं, ते घ्या. रीडर खरा उपयोगी पडतो तो आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांसाठी, त्यांची साइट रोज उघडून बघायला कोण जातंय.

सिंक पण दर पंधरा मिनिटांनी नको. मी दिवसातून तीनदा ठेवलंय.

गोधडी
टिंबचं पटलं. मी वीसवर आणल्या. एक मात्र करते, पूर्ण मजकूर ॲपमध्ये येत असला तरी जे छोटे लोक मनापासून लिहितात त्यांचं पान ब्राउझरमध्ये उघडूनच वाचते. त्यांना कळायला हवं कोणीतरी वाचतंय.

उंबरठा
+१

नऊते_पाच
कुणाला स्वाइपने चुकून 'वाचलं' होतं का? डावी-उजवी बदलता येतं, मी उजवीला स्टार ठेवलाय. ट्रेनमध्ये उभ्याने अंगठा तिकडेच जातो.

पानगळ
सगळ्यांचं वाचतेय, उत्तर द्यायला उशीर झाला. टिपा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये निघतात, गोधडीताई. तारीख, बातमीचं नाव आणि मी लिहिलेलं, सगळं येतं. काढून ठेवली.

आणि दुपारी भावाला फोन केला. वही त्याच्याकडे आहे, माळ्यावर नाही, कपाटात. पानांचे फोटो काढून पाठवतोय. पहिले तीन आले, खळ पिवळी पडलीय पण लाल शाई अजून स्पष्ट आहे. मधली काही पानं एकमेकांना चिकटलीत म्हणाला.

गोधडी
ओढू नका म्हणावं ती! आहेत तशीच राहू देत, आधी सुट्या पानांचे फोटो होऊ देत. आणि फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी, फ्लॅश बंद.

पानगळ
सांगते लगेच.

सुईदोरा
पुलाचं पान आलं का?

पानगळ
अजून नाही. नेमकं ते चिकटलेल्यांत नसू दे.