जेसिका हंटली : दुकानदारी की राजकारण?

प्रश्न
दादरच्या आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला जेसिका हंटली (१९२७–२०१३) यांच्यावर बोलायचे आहे. ब्रिटिश गयानात (दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीत) जन्मलेल्या, १९५८ मध्ये लंडनला आलेल्या आणि तिथे पुस्तके छापणाऱ्या-विकणाऱ्या या बाईंची मी वाचलेल्या टिपणांतली ओळख 'पती एरिक यांना साथ देणाऱ्या' एवढीच आहे. पुस्तकविक्री हे त्यांचे राजकीय कार्य मानावे काय, आणि त्यांना स्त्रीवादी कशाच्या आधारे म्हणावे?

प्रतिसाद १
'साथ देणाऱ्या' हा शब्दप्रयोग आधी खोडावा. १९५३ मध्ये डाव्या नेत्या जॅनेट जगन आदींबरोबर त्यांनी गयानात विमेन्स प्रोग्रेसिव्ह ऑर्गनायझेशन ही स्त्रियांची संघटना उभारली, आणि त्याच वर्षी निवडून आलेले डाव्या पक्षाचे सरकार ब्रिटिशांनी १३३ दिवसांत बरखास्त केलेले त्यांनी पाहिले. राजकारण आधी, दुकान नंतर. १९६८ मध्ये गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांना जमैकात परतण्यास बंदी झाली, तेव्हा त्यांची व्याख्याने छापण्यासाठीच या दांपत्याने बोगल-लूव्हर्चर ही प्रकाशनसंस्था काढली; पॉल बोगल जमैकाचे, तूसाँ लूव्हर्चर हैतीचे, दोघेही बंडाचे नेते.

प्रतिसाद २
दुकानाबद्दल थोडे. विक्रीची सुरुवात घरच्या बैठकीच्या खोलीतून झाली, म्हणजे येणाऱ्याला चहा विचारणे आणि पुस्तक दाखवणे एकाच जागी. पुढे वेस्ट इलिंगमध्ये गाळा मिळाला. तिथे पुस्तकांबरोबर पोस्टर आणि भेटकार्डेही विकली जात. वंशद्वेष्ट्यांनी दुकानावर हल्ले केले, तरी ते बंद पडले नाही. जून १९८० मध्ये गयानाची राजधानी जॉर्जटाउनला बाँबस्फोटात रॉडनी मारले गेले आणि दुकानाला त्यांचे नाव देण्यात आले. आपल्या फोर्टातल्या पीपल्स बुक हाऊसमध्ये एक पातळ पुस्तिका घ्यायला गेलेला माणूस तासभर वाद घालून बाहेर पडतो, हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना 'व्यवसाय की राजकारण' हा प्रश्नच पडू नये. (पुस्तिका घ्यायची राहून जाते, ते वेगळे.)

प्रतिसाद ३
स्त्रीवादाचा पुरावा केवळ संघटनेत शोधू नका. व्हॅलरी ब्लूम या कवयित्रीचा जमैकन बोलीतला संग्रह याच संस्थेने १९८३ मध्ये काढला. बाईची बोली छापण्याजोगी मानणे ही भूमिकाच होय. शिवाय १९८२ पासून लंडनला भरलेल्या कृष्णवर्णीय आणि तिसऱ्या जगाच्या पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय मेळ्याच्या जेसिका या प्रकाशक जॉन ला रोझ यांच्यासह संचालक होत्या.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. भाषणाची सुरुवात बैठकीच्या खोलीपासूनच करते. एरिक यांचा परिचय दुसऱ्या परिच्छेदात येईल.