इन्फेक्ट डेक: विषारी क्रीचर बारा की सोळा?

घोडबंदरकर: मॅजिक या पत्त्यांच्या खेळातल्या मॉडर्न फॉरमॅटमधल्या हिरव्या-निळ्या इन्फेक्ट डेकमध्ये (इन्फेक्ट म्हणजे क्रीचर खेळाडूला जेवढं डॅमेज करेल तेवढं विष) बहुतेक जण बाराच विषारी क्रीचर ठेवतात: ग्लिसनर एल्फ ४, ब्लाइटेड एजंट ४, आणि एका मानात (माना म्हणजे पत्ते खेळायचं इंधन, ते लँडमधून मिळतं) क्रीचर होणारं लँड, इंकमॉथ नेक्सस ४. बारा कमी पडतात. ६० पत्त्यांत बारा असतील तर पहिल्या सातात निदान एक येण्याची शक्यता ८१ टक्के. सोळा असतील तर ९०. म्हणून इकरक्लॉ मायर ४ घाला. विषारी क्रीचरच नसेल तर हातातले पंप, म्हणजे क्रीचरची ताकद त्या टर्नपुरती वाढवणारे पत्ते, नुसती रद्दी.

नेरूळकर: टक्के बरोबर, मायर चूक. त्याला ब्लॉक केलं की +२/+२ (ताकद दोनने, टिकाव दोनने जास्त) मिळून तो वाचेल, पण समोरच्या खेळाडूला विष शून्य. एजंट ब्लॉकच होत नाही, तिथेच फरक पडतो. शिवाय मायरसाठी चार पंप काढणार ना? मग जिंकायला लागणारं दहा विष मोजून बघा. दुसऱ्या टर्नला एल्फचा १, माइट ऑफ ओल्ड क्रोसाचे ४, त्याच टर्नला लँड टाकलं असेल तर ग्राउंडस्वेलचे ४. झाले नऊ! दोन जीव देऊन फुकट पडणारा म्युटाजेनिक ग्रोथ हातात असेल तरच अकरा. आणि माइट हल्ल्याआधीच्या मेन फेजमध्येच खेळा. हल्ला सुरू झाल्यावर त्याचे चाराचे दोनच होतात.

ऐरोली_हिरवा: दोघंही बचाव विसरताय. वाशीच्या टेबलावर समोर लाल डेक आला की एल्फवर लाइटनिंग बोल्ट पडणारच. उत्तरादाखल ग्रोथ टाकलात तर एल्फ ३/३ होतो, बोल्टचं डॅमेज ३, एल्फ मेलाच. एका पत्त्यात तुमचे दोन गेले. तिथे ब्लॉसमिंग डिफेन्स हवा: +२/+२ तर आहेच, पण हेक्सप्रूफमुळे (समोरच्याला त्या क्रीचरवर नेम धरता येत नाही) बोल्टच वाया जातो. डिफेन्स आणि तसाच बचाव करणारा वाइन्स ऑफ वास्टवुड मिळून सहाच्या खाली जाऊ नका. समोरच्याचे लँड उघडे (न वापरलेले) असताना एक हिरवा माना हाताशी ठेवल्याशिवाय मोठा पंप टाकू नये.

कळवा_टॉक्सिक: मायरच्या जागी २०२३ मधला व्हेनरेटेड रॉटप्रीस्ट का नको? इतर टॉक्सिक क्रीचर मात्र या डेकमध्ये आणू नका. टॉक्सिक १ म्हणजे विष एकच, वर +४ चढवलं तरी एकच. रॉटप्रीस्टचं तसं नाही. तुमच्या कुठल्याही क्रीचरवर स्पेलचा नेम धरला की समोरच्याला एक विष, मग तो स्पेल तुमचा असो वा त्याचा. एल्फवर बोल्ट टाकतानाही त्याला विष घ्यावं लागतं.

घोडबंदरकर: पटलं, मायर बाद. पण सोळाचा आग्रह कायम. रॉटप्रीस्ट ४ आत, माना देणारं क्रीचर नोबल हायरार्क ४ बाहेर. पंपांना हात लावायचा नाही.

नेरूळकर: हायरार्क नका काढू हो! एकट्या क्रीचरने हल्ला केला की त्याचं +१ मिळतं. वरच्या हिशोबातल्या नवाचे दहा तोच करतो.

घोडबंदरकर: करतो, पण तिसऱ्या टर्नला. पहिल्या टर्नचा एकुलता माना हायरार्कवर गेला तर एल्फ उतरणार दुसऱ्याला आणि हल्ला करणार तिसऱ्याला. तोवर माझा रॉटप्रीस्ट दोनदा हल्ला करून मोकळा.