मदत हवी आहे: नवे स्ट्रट, तरी वळताना ‘टण्ण’
छोटी हॅचबॅक, 80 हजार किमी. पुढचे दोन्ही स्ट्रट (स्प्रिंगच्या आतले शॉक अब्सॉर्बर) बदललेत, स्प्रिंग जुन्याच. उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की ‘टण्ण’ वाजतं, स्प्रिंग झटक्यानं सुटल्यासारखी. संशय वरच्या माउंटच्या (स्ट्रट बॉडीला जोडणारा भाग) बेअरिंगवर. लिंक रॉड (स्ट्रट आणि अँटी-रोल बार जोडणारी दांडी) खराब असता तर खड्ड्यात खडखडला असता. स्प्रिंगचं टोक खालच्या खाचेत नीट बसलंय. माउंटचा मधला नट मात्र इम्पॅक्ट गननं (झटके देत नट फिरवणारं मशीन) आवळलाय. त्यात स्ट्रटचा रॉडच फिरतो, टॉर्कचा (नट किती जोरानं आवळला त्याचा) भरवसा राहत नाही.

आता दोन्हीकडचे माउंट बेअरिंगसकट बदलायचेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात धड स्प्रिंग कॉम्प्रेसर (तारेनं बांधायचा जुगाड नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडेल) आणि टॉर्क रेंच वापरणारं गॅरेज कुठलं? अलाइनमेंटही लगेच तिथंच होईल का? गगनबावडा घाटात जायच्या आधी उरकायचंय.