मदत हवी आहे: क्यूबिक बी-स्प्लाइनची जाळी मधेच बारीक केली, सगळ्या फंक्शनांची बेरीज १ येत नाही

प्रश्न
० ते ८, आठ समान एलिमेंट (तुकडे), दोन्ही टोकांना नॉट (तुकड्यांचा सांधा) चारदा, बी-स्प्लाइन फंक्शनं (प्रत्येक तुकड्यावर घन बहुपदी, सांध्यांवर गुळगुळीत) ११. सोडवायचंय पॉयसन समीकरण (एकमितीत -u''=f). फक्त [२,६] निम्म्या अंतराने बारीक केलं. त्यात पूर्ण मावणारी ५ बारीक फंक्शनं घालून १६ ठेवली, तर चोलेस्की (मॅट्रिक्स फोडून समीकरणं सोडवायची पद्धत) शून्य पिव्हटवर (ज्याने भागायचं त्या कर्णावरच्या आकड्यावर) अडकतं. [२,६] वर पसरलेलं जाडं (मूळ जाळीवरचं) फंक्शन काढलं की १५ उरतात आणि गणित सुटतं, पण ४ या बिंदूवर बेरीज १.३३३३! शिवाय नुसतं [३,४] बारीक केलं तर ११ ची ११च राहतात.

प्रतिसाद १
शेवटचं आधी. बारीक क्यूबिकला चार अर्धे एलिमेंट लागतात, म्हणजे मूळचे दोन. एकात ते मावणार कसं? [३,५] घ्या, १२ होतील. द्विमितीत किमान २×२ चा ठोकळा खुणवा.

१६ अडकतात, कारण ते जाडं फंक्शन म्हणजे त्याच पाच बारकांची १/८, ४/८, ६/८, ४/८, १/८ या गुणकांनी केलेली बेरीज. ते काढणं हीच क्राफ्ट यांनी सुचवलेली निवडीची रीत (१९९७). त्यानंतर रेषीय स्वातंत्र्याची (कुठलंच फंक्शन बाकीच्यांतून बनत नाही याची) खात्री आहे.

१.३३३३ ही चूक नव्हे. ४ वर काढलेल्याचं मूल्य २/३ होतं. उरलेली जाडी १/३ देतात, बारीक पूर्ण १. फंक्शनांतून बनणारा अवकाश तोच असल्याने पॉयसनचं उत्तर बरोबरच येईल. बेरीज १ हवीच असेल तर ट्रंकेशन (छाटणी) करा (जिआनेल्ली, युट्लर, स्पेलीअर्स, २०१२): प्रत्येक जाडं फंक्शन बारकांत लिहा आणि त्यातली आधीच निवडलेली पदं खोडा. [१,५] वरच्या जाड्या फंक्शनचे १/८ आणि ४/८ एवढेच उरतात, पुढचे तीन जातात.

प्रतिसाद २
टी-स्प्लाइनच्या (जाळीची रेघ मधेच थांबू देणाऱ्या स्प्लाइनच्या) वाटेला इतक्यात जाऊ नका. जाळीवरची अट मोडली की तिथे रेषीय अवलंबित्व डोकावू शकतं. बुफा, चो आणि सांगाल्ली यांनी २०१० मध्ये तशी उदाहरणं दिली आहेत.

प्रश्नकर्ता
ट्रंकेशन जमलं, बेरीज सगळीकडे १. पण उत्तर एक्सचा घन असेल असा लोड (समीकरणाची उजवी बाजू) दिला, तर ते मशीनच्या अचूकतेपर्यंत येत नाही. घन तर अवकाशात आहे ना?

प्रतिसाद १
गॉस बिंदू (इंटिग्रलसाठी मूल्यं घ्यायचे ठरावीक बिंदू) अजून जुन्याच एलिमेंटवर टाकताय, असं दिसतं. [२,३] मध्ये २.५ ला बारीक फंक्शनचा तुकडा बदलतो. तिथे ते एकच बहुपदी नाही, म्हणून चार बिंदूंनी नेमकं इंटिग्रल मिळत नाही. [२,६] मधल्या प्रत्येक अर्ध्या एलिमेंटवर चार-चार बिंदू घ्या. बाहेर जुनेच चालतील, ट्रंकेशनने तिथलं काही बदलत नाही.

प्रश्नकर्ता
तेच होतं. आता जुळलं.