पान ४ आज छापायला जातंय: ‘भारतातलं लसीचं कार्ड शाळेत चालतं’ हे वाक्य ठेवायचं का?

प्रेषक: अनघा

मंडळी, नवीन येणाऱ्यांसाठीच्या आपल्या माहितीपत्रकाची फाईल छपाईवाल्याला आज रात्री दहापर्यंत द्यायची आहे. बाकी पानं नक्की झाली. पान ४ वर (अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीच्या शाळा, नाव नोंदवणं) मागच्या आवृत्तीतलं वाक्य तसंच आहे: “भारतातलं लसीकरण कार्ड शाळेत चालतं, फक्त झेरॉक्स ठेवा.” गेल्या मीटिंगला यावर जे झालं ते सगळ्यांना आठवतंय, पण ठरलं काहीच नाही. ठेवू की काढू? पान भरलेलं आहे. काही वाढवायचं असेल तर काय कापायचं तेही सांगा.

प्रेषक: मंदार

काढा. कार्ड दाखवता येतं, पण त्यावरच्या सगळ्या लसी मोजल्या जात नाहीत. लोक पहिलंच वाचून निर्धास्त होतात आणि चौथ्या आठवड्यात शाळेचं पत्र येतं.

सरकारी दवाखान्यातलं कार्ड असेल तर साधारण हे अडतं:

गोवर. सरकारी वेळापत्रकात एमआर देतात, म्हणजे गोवर आणि रुबेला. त्यात गालगुंड नाही. नॉर्थ कॅरोलायनाला गोवराचे २, गालगुंडाचे २ आणि रुबेलाचा १ डोस लागतो. त्यामुळे एमआर दोनदा झालेलं असलं तरी एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला तिन्हींची लस) दोनदा घ्यावीच लागते, २८ दिवसांच्या अंतराने. शिवाय नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे धरत नाहीत, कारण तो पहिल्या वाढदिवसानंतरच हवा. खाजगी डॉक्टरांकडे नवव्या महिन्यात एमएमआर घेतलेल्यांनाही हेच लागू.

हिपॅटायटिस बी. जन्मल्यावर एक, मग पेंटाव्हॅलंटमधून (पाच रोगांची एकत्र लस) ६, १० आणि १४ आठवड्यांना. चार डोस दिसतात म्हणून पालक भांडतात. पण शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यावरच ग्राह्य धरतात. १४ आठवड्यांचा त्यात बसत नाही, आणखी एक घ्यावा लागतो. दीड वर्षाच्या सुमारास हेक्साव्हॅलंट (सहा रोगांची, हिपॅटायटिस बी धरून) बूस्टर घेतलेला असेल तर प्रश्न नाही.

पोलिओ. सीडीसीच्या (अमेरिकेची केंद्रीय रोगनियंत्रण संस्था) नियमाप्रमाणे १ एप्रिल २०१६ पासून दिलेले तोंडावाटेचे थेंब मोजत नाहीत. त्या महिन्यात भारताने तीन प्रकारांच्या विषाणूंचे थेंब बंद करून दोन प्रकारांचे सुरू केले. आत्ता बालवर्गात जाणारं प्रत्येक मूल त्यानंतर जन्मलेलं आहे, म्हणजे पल्स पोलिओच्या रविवारी घेतलेले सगळे थेंब हिशेबाबाहेर. चार वर्षांपुढच्या मुलाला शून्यापासून सुरुवात करायची तर तीन इंजेक्शनं पुरतात, पण दुसऱ्या आणि तिसऱ्यात सहा महिन्यांचं अंतर लागतं.

कांजिण्या. सरकारी वेळापत्रकात ही लस नाहीच. इथे दोन डोस लागतात.

ट्रिपल (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) मात्र भारतातली चालते. पाच डोस हवेत, चौथा डोस चौथ्या वाढदिवसानंतर असेल तर चार पुरतात.

प्रेषक: श्रीधर

अनघा, पान ४ शाळा समितीचं आहे आणि त्यात काय जावं हे समिती ठरवते. मंदारने लिहिलेलं बरोबर असेलच. पण माहितीपत्रक हे डॉक्टरांच्या फायलीसारखं होऊन उपयोग नाही. चार ओळी पुरे: कार्ड आणा, डॉक्टरांना दाखवा, राहिलेल्या लसी घ्या. जागेसाठी इतिहासाच्या परिच्छेदाला हात लावायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या वेळी तो गुपचूप निम्मा झाला होता.

प्रेषक: रश्मी

श्रीधरकाका, चार ओळींत बसेल, पण मुदतीची ओळ त्यात हवीच. सगळी घाई तिथे होते.

दोन वेगळे कागद आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक लसींचा दाखला. दुसरा नॉर्थ कॅरोलायना हेल्थ असेसमेंटचा फॉर्म. राज्याच्या सरकारी शाळेत पहिल्यांदाच येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो लागतो, मग ते बालवर्गात असो की नववीत. तपासणी शाळेत जाण्याआधीच्या १२ महिन्यांतली हवी. भारतातून डॉक्टरांची सही घेऊन आणलेल्या फॉर्मवर विसंबू नका. इथले डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट किंवा नर्स प्रॅक्टिशनर यांच्याकडून भरून घ्या.

दोन्हींना शाळेच्या पहिल्या दिवसापासून ३० दिवस मिळतात. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शाळेचे नव्हेत. इयर-राउंड शाळेत (वर्षभर गटागटाने आळीपाळीने भरणारी) मूल मधेच दाखल झालं आणि आठवड्याभरात त्याचा ट्रॅक-आउट, म्हणजे त्याच्या गटाची सुट्टी, आला, तर तीन आठवडे सुट्टीतच जातात आणि परत गेल्यावर दोन-तीन दिवस उरतात. त्यात नवीन पेशंटला डॉक्टरांची वेळ मिळायला आठवडे लागतात. म्हणून भाडेकरार झाला की डॉक्टरांची वेळ आधी घ्या, शाळेची नोंदणी नंतर. ३१ व्या दिवशी कागद नसेल तर मुख्याध्यापकांना मुलाला घरी ठेवायला सांगावंच लागतं. तो त्यांचा हट्ट नाही, राज्याच्या कायद्यातच तसं आहे.

प्रेषक: मंदार

रश्मीताईंच्या मुद्द्याला जोडून. ३० दिवसांत सगळे डोस पूर्ण होणं शक्यच नसतं, पोलिओला सात महिने लागतात. कायद्यात त्याची सोय आहे. पहिले डोस देऊन झाले आणि पुढचे कधी देणार हे डॉक्टरांनी लिहून दिलं की मूल शाळेत बसू शकतं. हे पत्र मागून घ्यायचं असतं, आपोआप मिळत नाही.

पहिल्याच भेटीत एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्या. दोन्ही जिवंत विषाणूंच्या लसी आहेत. एकाच दिवशी दिल्या नाहीत तर मधे २८ दिवस थांबावं लागतं. “आज एकच टोचा, बाकीच्या पुढच्या आठवड्यात” असं सांगणारे पालक स्वतःचाच महिना घालवतात. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना कांजिण्यांचा दुसरा डोस तीन महिन्यांनी.

आणि डॉक्टरांना भारतातल्या ग्राह्य लसी राज्याच्या लसीकरण नोंदवहीत टाकायला सांगून तिथून प्रिंट काढून घ्या. शाळेला तोच कागद लगेच कळतो, मराठीतलं पिवळं पडलेलं कार्ड नव्हे.

प्रेषक: नितीन

एवढा खटाटोप कशाला? नॉर्थ कॅरोलायनात धार्मिक कारणाने सूट मिळते. पालकांनी स्वतःच्या सहीचं पत्र दिलं की झालं, सरकारी फॉर्मसुद्धा नाही. ज्यांची वेळ चुकते त्यांना ही वाट सांगायला हरकत नाही.

प्रेषक: रश्मी

नितीन, हरकत आहे. ती सूट ज्यांची खरोखर तशी श्रद्धा आहे त्यांच्यासाठी आहे. वैयक्तिक मताला किंवा सोयीला या राज्यात सूट नाही. डॉक्टरांची वेळ मिळाली नाही म्हणून मंडळाने छापील पत्रकात खोटं लिहायला सांगायचं, हे चालणार नाही. आणि लसींच्या सवलतीच्या पत्राने हेल्थ असेसमेंटचा फॉर्म आपोआप सुटत नाही. शिवाय शाळेत गोवराची साथ आली तर लस न घेतलेल्या मुलांना घरी ठेवता येतं. जिथे इतके जण दर उन्हाळ्यात भारतात जाऊन येतात, तिथे हे जपलंच पाहिजे.

इन्शुरन्स अजून सुरू झालेला नसेल तर काउंटीच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं लसीकरण क्लिनिक आहे, वेळ घेऊन जायचं. विमा नसलेल्या मुलांना शासनाच्या योजनेतून लसी मिळतात. पत्रकात ही ओळ टाका.

प्रेषक: श्रीधर

धार्मिक सवलतीचा विषय पत्रकात येणार नाही. समितीकडून हे नक्की.

इतिहासाचा परिच्छेद का हवा ते एकदा सांगतो, म्हणजे दरवेळी वाद नको. वेक काउंटीतल्या मॉरिसव्हिलला नवीन आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की समोर दिसणारी शाळा सोडून माझं मूल बसने लांब का जातं. त्याचं उत्तर १९७६ मध्ये आहे. त्या वर्षी रॉली शहराच्या आणि वेक काउंटीच्या शाळा एक झाल्या. लोकांचा कौल विरोधात होता, तरी राज्याच्या विधिमंडळाने ते केलं. शहरातल्या शाळा ओस पडत होत्या, गोरी कुटुंबं बाहेर सरकत होती. रॉलीत गोऱ्यांच्या सरकारी शाळेत पहिलं कृष्णवर्णीय मूल, बिल कॅम्पबेल, १९६० मध्ये बसलं होतं (पुढे ते अटलांटाचे महापौर झाले), म्हणजे ते सगळं तेव्हा ताजं होतं. एकत्र झाल्यामुळे कोणतं मूल कोणत्या शाळेत जाईल हे अख्ख्या काउंटीसाठी एकच बोर्ड ठरवू लागलं. १९८२ मध्ये मॅग्नेट शाळा (खास अभ्यासक्रम देऊन लांबची मुलं ओढणाऱ्या) आल्या. २००० मध्ये ठरलं की कुठल्याही शाळेत सवलतीच्या जेवणाला पात्र, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातली, मुलं ४० टक्क्यांहून जास्त नकोत. २००९ च्या निवडणुकीनंतर आलेल्या बोर्डाने ते धोरण मोडलं. आज दीड लाखांहून जास्त मुलं आहेत आणि आपल्या भागात शाळा भरल्या की त्यांना कॅप लागतो, म्हणजे नवीन मुलं घेणं थांबतं. आपल्या लोकांना हे माहीत नसतं, म्हणून ते शाळेच्या ऑफिसात जाऊन चुकीच्या माणसाशी वाद घालतात.

प्रेषक: नितीन

काका, इयर-राउंडचं पण त्यात हवं. २००७ मध्ये बोर्डाने २२ शाळा सक्तीच्या इयर-राउंड केल्या तेव्हा पालक कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले, पण मे २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोर्डाला पालकांची संमती लागत नाही. अजूनही लोक विचारतात, “आम्ही नाही म्हटलं तर?”

आणि ट्रॅकचा हिशोब चार शब्दांत: चार ट्रॅक, ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, कुठल्याही वेळी तीन ट्रॅक शाळेत आणि एक घरी. तेवढ्याच इमारतीत जास्त मुलं बसावीत म्हणून हे केलं. वर्ष जुलैच्या सुरुवातीला सुरू होतं, पारंपरिक शाळा ऑगस्टच्या शेवटी. पारंपरिक शाळा त्याआधी सुरू करायला २००४ च्या कायद्याने बंदी आहे. जूनअखेर येणाऱ्या कुटुंबाला इयर-राउंड मिळाली तर रश्मीताईंचे ३० दिवस लगेच सुरू होतात.

प्रेषक: अनघा

सगळं ठीक, पण पान एकच आहे. काका, तुमचा परिच्छेद पूर्ण ठेवते, पण पान ७ वर, वाचनालयाच्या माहितीखाली अर्धं पान मोकळं आहे तिथे. नितीनच्या ट्रॅकच्या दोन ओळीही तिथेच. पान ४ वर लसी.

पत्त्याच्या पुराव्यातही एक शंका. सध्या “कुठलंही बिल” असं छापलंय.

प्रेषक: मंदार

“कुठलंही” नको. वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, नाहीतर सही केलेला भाडेकरार, नाहीतर घरखरेदीचे कागद. मोबाईल आणि केबलचं बिल चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सही पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, ते पालकांची ओळख म्हणून दाखवायचं. पाणी-वीज भाड्यातच असेल तर भाडेकरारावर पालकांचं नाव आहे ना ते बघा. कंपनीच्या नावावरचा करार अडतो. आणि करारावर सही करण्याआधी तो नेमका पत्ता काउंटीच्या शाळाशोधकात टाकून बघा. अपार्टमेंटच्या ऑफिसात सांगितलेली शाळा आणि प्रत्यक्षातली वेगळी निघते, किंवा शाळेला कॅप असतो आणि मूल ओव्हरफ्लो शाळेत, म्हणजे त्याऐवजी नेमलेल्या दुसऱ्या शाळेत, जातं.

प्रेषक: श्रीधर

पान ७ चालेल. पण परिच्छेद तसाच, एक शब्दही न कापता. आणि शीर्षक पान ४ वर छापा: “शाळा कशी ठरते, पाहा पान ७”.

प्रेषक: रश्मी

अनघा, तारखांची ओळ राहिली. भारतीय पासपोर्टवर आणि कार्डावर दिवस आधी, महिना नंतर. इथे उलट. ०९/०८/२०२० म्हणजे आपल्या लेखी ९ ऑगस्ट, इथे वाचतात ८ सप्टेंबर. बालवर्गासाठी ३१ ऑगस्टपर्यंत पाच पूर्ण हवीत. म्हणजे नुसत्या वाचण्याने मुलाचं अख्खं वर्ष जाऊ शकतं. लसींच्या बाबतीत तर डोस जन्माच्या आधी दिलेला दिसतो आणि संगणक तो घेतच नाही. कार्डाच्या प्रतीवर प्रत्येक तारखेशेजारी महिना इंग्रजी अक्षरांत लिहून न्यायचा, हे ठळक टाका.

प्रेषक: नितीन

३१ ऑगस्टनंतर जन्मलेल्यांना बालवर्गात लवकर घेतात ना?

प्रेषक: रश्मी

फक्त १६ एप्रिलपर्यंत चार पूर्ण झालेली असतील आणि मानसतज्ज्ञाच्या चाचणीत मूल ९८ व्या पर्सेंटाइलला किंवा वर असेल तर. चाचणी १६ एप्रिलनंतरची हवी. शेवटचा निर्णय मुख्याध्यापकांचा. पत्रकात नको, विचारतील त्यांना सांगू.

प्रेषक: अनघा

पान ४ चा शेवटचा मजकूर:

“भारतातलं लसीकरण कार्ड घेऊन आधी इथल्या डॉक्टरांकडे जा. एमआर, १४ आठवड्यांची हिपॅटायटिस बी आणि पोलिओचे थेंब यांमुळे बहुतेक मुलांना पुन्हा लसी लागतात. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घ्या. लसींचा दाखला आणि हेल्थ असेसमेंटचा फॉर्म, दोन्ही शाळेच्या पहिल्या दिवसापासून ३० दिवसांत द्या. सुट्टीचे आणि ट्रॅक-आउटचे दिवसही यात मोजतात. डोस उरले असतील तर डॉक्टरांचं पत्र घ्या. विमा नसेल तर काउंटीच्या आरोग्य विभागात वेळ घ्या. तारखेत महिना अक्षरांत लिहा.”

पावणेदहा वाजलेत. पाठवू?

प्रेषक: मंदार

एक ओळ वाढव, मोठ्या मुलांची. सातवीत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते, बारावीत मेनिंजायटिसचा दुसरा डोस. भारतात दहाव्या वर्षी शाळेत देतात ती टीडी, त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, म्हणून ती टीडॅपऐवजी चालत नाही. मेनिंजायटिसची लस तिथल्या नेहमीच्या वेळापत्रकात नाहीच. पाठव.