पुढचे शॉक 90/10 नकोत

ड्रॅग रेस (थोड्या अंतराची सरळ शर्यत) आणि रोजचा रस्ता, दोन्हींसाठी एकच गाडी असेल तर 'पुढच्या चाकांना 90/10 शॉक अ‍ॅब्झॉर्बर लावा, रस्त्यावरही चालून जातात' असं इथे कुणीतरी सुचवलंय; ते मत मला अजिबात पटत नाही. हे शॉक दबताना कडक (90) आणि लांबताना जवळजवळ मोकळे (10) असतात. ड्रॅग स्ट्रिपवर तेच हवं असतं: गाडी सुटताना नाक पटकन उचललं जातं, लगेच खाली येत नाही आणि वजन मागच्या टायरवर जातं. पण वळणावर आतल्या बाजूची स्प्रिंग तितक्याच पटकन लांबते. माझ्या जुन्या मस्टँगला मी एक उन्हाळा ते लावून पाहिले. हायवेच्या गोल रॅम्पवर रस्त्याचे सांधे ओळीने लागले की नाक प्रत्येक सांध्यावर थोडं वर चढत जायचं आणि स्टिअरिंग हलकं पडून गाडी बाहेर सरकायची. घरच्यांना घेऊन त्या गाडीतून जाणं मी बंद केलं.

दाब (शॉक दबतानाचा कडकपणा) आणि रिबाउंड (लांबतानाचा कडकपणा) वेगवेगळे बदलता येतील असे डबल अ‍ॅडजस्टेबल शॉक पुढे घ्या, खर्च होऊ दे. तेवढं बजेट नसेल तर निदान फक्त रिबाउंड बदलणारे, कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकसारखे. स्ट्रिपवर रिबाउंड सैल, घरी निघण्याआधी परत घट्ट.

मागच्या शॉकबद्दल इथे कुणी बोललंच नाही. अँटी-स्क्वॉट (वेग घेताना मागची बाजू खाली बसण्याला सस्पेन्शनच्या रचनेतून होणारा विरोध) 100 टक्क्यांच्या वर असेल तर सुटताना मागची बाजू बसत नाही, उचलली जाते. तिथे रिबाउंड फार सैल असेल तर टायरवर आधी जोरात भार येतो, मग शॉक पूर्ण लांबला की तो भार सुटतो आणि चाक पकड सोडून नुसतं फिरतं. म्हणून मागे रिबाउंड थोडं घट्टच बरं, आणि वळणांनाही ते मानवतं.